घळीपलीकडची हाक

ज्या गोठ्यामागील खोलीत माझा व माझ्या थोरल्या बंधूचा जन्म झाला, तो गोठा सरकारने आता जतन करून ठेविला आहे. गाई नाहीत, गडी नाहीत, दूध नाही; परंतु भिंतींस पांढराशुभ्र रंग आहे, दारांस तेल दिलेले आहे, आणि रविवारी दूरदूरचे लोक मोटारी घेऊन तो पाहावयास येतात. समुद्राकडून येणारा वारा मात्र पूर्वीचाच आहे. त्यास अद्याप कोणी रंग देऊ शकलेले नाही.

गेल्या जुलै महिन्यात मी, माझा बंधू एवरिस्तो व त्याची कन्या देल्मिना असे तिघे तेथे गेलो. बेत देल्मिनेचा. पुढील महिन्यात ती वडिलांस कायमचे आपल्या घरी, नेवाडातील कोरड्या मुलखात नेणार होती. तत्पूर्वी त्यांनी आपले जन्मस्थान एकवार पाहावे, असे तिच्या मनाने घेतले. तिने मला फोन केला.

“तीयू, तुम्ही आलात तरच पापा येतील,” ती म्हणाली. काकास आमच्यात तीयू म्हणतात. “मी विचारलं की म्हणतात, तिथं काय पुरून ठेवलंय?”

मी होकार दिला. परंतु तो केवळ तिच्या आग्रहास्तव नव्हे. बावन्न वर्षे माझ्या उरात एक गोष्ट दडलेली होती आणि ती ज्याला सांगावयाची तो मनुष्य आता नेवाडास निघाला होता. तो सत्त्याहत्तर वर्षांचा, मी बहात्तरचा. यापुढे आमची भेट व्हायची ती दोघांपैकी एकाच्या शवपेटीशी. तेव्हा सांगेन तर याच रविवारी, नाहीतर कधीच नाही, असा निश्चय करून मी हजामत केली, काळा कोट घातला आणि तिच्या मोटारीची वाट पाहत फाटकापाशी उभा राहिलो.

ती गोष्ट प्रथम सांगणे प्राप्त आहे.

आमचे वडील पोर्तुगीजांच्या साव जॉर्ज बेटावरून कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर धारा काढण्यास आले, आणि येताना त्यांनी एकच विद्या बरोबर आणली, ती म्हणजे गाईंना हाक मारण्याची. ज्यांनी ही हाक ऐकली नाही त्यांस ती शब्दांनी समजाविणे कठीण आहे. खालच्या सुरात आरंभ होतो, सूर डोंगर चढावा तसा चढतो, आणि माथ्यावर पोहोचला की तेथे तो फुटतो. त्या फुटण्यातच सारे कसब आहे. प्रत्येक गड्याची फूट निराळी असते व गाय ती ओळखते, अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे. वडिलांची विद्या एवरिस्तोने उचलली. तो हाक मारी तेव्हा दीड मैलावरची जनावरे तोंडातला घास टाकून माना वर करीत. मी हाक मारली तर ती रवंथ करीत राहत.

एवरिस्तोचा गळा केवळ गुरांपुरता नव्हता. पवित्र आत्म्याच्या सणाला आमच्याकडे दोन गायक समोरासमोर उभे राहतात आणि जागच्या जागी पदे जुळवून एकमेकांची फजिती करतात. त्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर कोणी नव्हता. एकोणीसशे एकोणपन्नास साली त्या सणात समोरचा गायक लवकर थकला, आणि माझ्या बंधूची दृष्टी गर्दीत उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. त्याने गायिले:

“दिवसभर भाऊ माझा गाईंना हाका देतो,
एक येते अन् विचारते, एवरिस्तो कधी येतो?”

तीनशे माणसे हसली. ज्या मुलीकरिता मी त्या दिवशी नवे बूट घातले होते, तीही हसली. बंधूने खाली उतरून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “चिडू नको रे, उर्बानो. यमक जुळत होतं.”

मी वीस वर्षांचा होतो. त्या दिवसापासून मी चोरून त्याची हाक गिरवू लागलो. कड्याखाली लाटांच्या गर्जनेत उभे राहून, कोणास ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, सहा आठवडे. हाक अखेर जमली. माझी स्वतःची नव्हे. त्याची, अगदी त्याच्या फुटीसकट.

आता त्या जागेची रचना सांगतो. समुद्राकडून एक खोल घळ कुरणास चिरीत आत आलेली आहे. घळीच्या पश्चिमेस चराई, पूर्वेस गोठा. गाईंनी घरी यावयाचे ते घळीस उत्तरेकडून वळसा घालून, वरच्या फाटकातून. दुपारी दोन वाजता एवरिस्तो त्या फाटकात उभा राहून हाक मारी व गाई त्या आवाजाच्या रोखाने सुरक्षित येत.

जुलैच्या त्या दुपारी धुके असे दाट होते की हातातील कुदळीचे टोक दिसेना. मी घळीच्या पूर्व काठावर कुंपणाचे खांब पुरीत होतो. दोन वाजले. उत्तरेकडून बंधूची हाक आली. आणि माझ्या मनात विचार आला, की आज गाईंना माझे तोंड दिसणार नाही, आज पाहू. त्याची हाक विरते न विरते तोच मी त्याची हाक मारली. तीन वेळा मारली.

गाई माझ्याकडे आल्या. धुक्यातून खुरांचा आवाज येऊ लागला, आणि पुढे असणाऱ्या बोनेका गाईच्या गळ्यातील घंटा. मला किती आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. मी कुदळ टाकून हसलो. आमच्यामध्ये घळ आहे, ही गोष्ट मला त्या क्षणी आठवलीच नाही. मग घंटा खाली गेली. तिचा आवाज पुढे यावयाचा तो एकाएकी खाली गेला, आणि मागच्या जनावरांचा रेटा थांबेपर्यंत तिच्यासकट नऊ गाई घळीत गेल्या.

मालक गॅरिटी गोठ्याच्या दारात होता. त्याने एवरिस्तोस सर्वांदेखत विचारले, “वरपर्यंत चालायचा कंटाळा आला, म्हणून घळीवरूनच हाक मारलीस ना? माझ्या कानांनी ऐकलं मी.”

“मी फाटकात होतो,” बंधू म्हणाला.

“मग ती हाक माझ्या आजीनं मारली?”

एवरिस्तो गोंधळला. आपण कोठे उभे होतो हे त्यास ठाऊक होते, आणि आवाज आपला होता हे सर्व जण शपथेवर सांगत होते. त्या वेळी एक जण पुढे झाला आणि म्हणाला, “धुक्यात आवाज भटकतो. कोळी लोकांना विचारा. इथं मारलेली हाक तिथं उमटते.” सर्वांस ते पटले. एवरिस्तोसही पटले. तो बोलणारा मीच होतो.

त्यानंतर बंधूने कधीही हाक मारली नाही. महिन्याभरात त्याने गाईंचे काम सोडले आणि उत्तरेकडे लाकडाच्या गिरणीत गेला, जेथे करवतीच्या आवाजात मनुष्याच्या आवाजाची गरजच पडत नाही. सणाला तो मागच्या रांगेत उभा राही आणि पदे सुरू झाली की बाहेर जाई. आपलाच कंठ आपणास दगा देऊन गेला, असे त्याने मनाशी धरले होते. बोलणेही इतके हळू झाले, की त्याच्या पत्नीस जन्मभर “काय म्हणालात?” असे विचारावे लागले.

असो. त्या रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा धुके उतरलेलेच होते. मोटारीतून उतरून एवरिस्तोने गोठ्याकडे बराच वेळ पाहिले.

“एवढा चुना आमच्या वेळी असता, तर गॅरिटीनं तो दुधात घातला असता,” तो म्हणाला.

देल्मिना हसली. मलाही बरे वाटले. मी मनाशी म्हणालो, चित्त प्रसन्न आहे, हीच वेळ. पण इतक्यात सरकारी गणवेश व रुंद काठाची टोपी घातलेली एक बाई आमच्यापाशी आली. तिचे नाव मिस लिंडग्रेन. ती पंधरा-वीस पाहुण्यांस माहिती सांगत फिरवीत होती. आम्हीही त्यांच्यात सामील झालो.

गोठ्यात शेणाचा वास नव्हता. गव्हाणींवर गाईंच्या नावांच्या पाट्या लाविलेल्या होत्या, सुबक अक्षरांत.

“डेझी. बेट्सी,” एवरिस्तोने वाचले. “ह्या कोण? ह्या नावाची एक गाय इथं असेल तर मी टोपी खाईन.”

“हळू, पापा.”

“मी हळूच बोलतो. दुसरं येतंय कुठं मला?”

गड्यांच्या खोलीत एक खाट होती, तिजवर फुलाफुलांची गोधडी व फुगीर उशी. “इथं कोण झोपायचं रे, उर्बानो?” त्याने मला विचारले. “बिशप?”

मी हसलो. त्यानंतर दूधघर झाले, घोड्यांचा तबेला झाला. प्रत्येक दाराशी मी मनात म्हणत होतो, येथे सांगावे. आणि प्रत्येक दारातून न सांगता बाहेर पडत होतो. एका जागी तर मी “मानू” अशी हाकही दिली. थोरल्या भावास आमच्यात असे म्हणतात. तो वळला.

“काय?”

“दमलास का?”

“तूच दमलेला दिसतोस. लग्नाला आल्यासारखा कोट कशाला घातलायस?”

शेवटी मिस लिंडग्रेनने सर्वांस वरच्या फाटकापाशी नेले. फाटक नवे होते, जागा तीच. डावीकडे घळीच्या दिशेने केवळ पांढरे धुके, व त्याच्या पोटातून लाटांचा आवाज. एवरिस्तोने फाटकाच्या वरच्या फळीवर हात ठेविला आणि काढून घेतला.

“इथून गडी गाईंना बोलवत,” मिस लिंडग्रेन म्हणाली. “प्रत्येकाची हाक वेगळी असायची म्हणे. आता ती येणारं कोणी राहिलं नाही.”

“माझ्या वडिलांना येते!” देल्मिना म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. आईने तिला एवढेच सांगितले होते, की तरुणपणी पापांची हाक नावाजलेली होती. “ते इथंच कामाला होते. दोघंही!”

सर्व पाहुणे आमच्याकडे वळले. मिस लिंडग्रेनचा चेहरा उजळला. एकदाच, कशीही, असे ती विनवू लागली. एका गृहस्थाने लहान मुलीस खांद्यावर घेतले, तिला नीट दिसावे म्हणून.

“मला येत नाही,” एवरिस्तो म्हणाला.

“पापा, खोटं.”

तेव्हा तो आमच्या पोर्तुगीज भाषेत बोलला, जी तेथे आम्हा तिघांखेरीज कोणास कळत नव्हती. “देल्मिना, त्या आवाजानं नऊ गाई मारल्यात. ह्याच घळीत. तू पाळण्यात रडायचीस, तेव्हासुद्धा मी तो आवाज काढला नाही. आज ह्या टोपीवालीसाठी काढू?”

देल्मिनेचे तोंड उघडे राहिले. पाहुणे हसऱ्या मुद्रेने वाट पाहत होते. आणि बावन्न वर्षे जे शब्द मी निवडून, घासून, क्रमवार लावून ठेविले होते, त्यांपैकी एकही मला आठवला नाही.

“मानू,” मी म्हणालो, “तो आवाज तुझा नव्हता. माझा होता.”

“काय?”

“मी घळीच्या त्या काठाला होतो. मी हाक मारली. तुझ्यासारखी. तीनदा.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान हलविली. त्यास राग आला नाही; उलट त्याच्या नेत्रांत दया दिसली, आणि ती मला रागाहून जड गेली.

“पुरे. म्हाताऱ्याची समजूत काढायला आलास होय? म्हणून हा कोट?” तो म्हणाला. “अरे, तुला ती हाक कधी आली होती? साऱ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. तुझ्या हाकेला कुत्रं उठत नव्हतं.”

“मी शिकलो होतो. चोरून. तू ते पद म्हटलंस ना, सणाला, त्यानंतर.”

“कुठलं पद?”

त्यास ते पद आठवतही नव्हते.

आता दुसरा मार्ग राहिला नाही. मी फाटकाची फळी धरली, धुक्याकडे तोंड केले आणि हाक मारली. वयाने माझा श्वास तोकडा झाला आहे. आरंभ खरखरीत झाला. परंतु सूर चढला तसा तो मोकळा होत गेला, आणि माथ्यावर जाऊन फुटला तो तसाच फुटला, जसा एकोणीसशे एकोणपन्नास साली एवरिस्तो आझेवेदोचा फुटत असे. घळीवरून तो पलीकडे गेला. मला स्वतःलाच भय वाटले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या. खांद्यावरची मुलगी “पुन्हा!” म्हणून ओरडली.

मी मागे वळलो. माझ्या बंधूच्या मुखावरील दया गेली होती. तो फाटकास टेकला होता व त्याचे ओठ हालत होते, जणू ती हाक तो स्वतःशी जुळवून पाहत होता. देल्मिना त्याचा दंड धरून उभी होती.

मला वाटले होते तो मारील. कधीकधी, रात्री अंथरुणावर पडून, मला असेही वाटले होते की तो मला पोटाशी धरील. यांपैकी काही झाले नाही.

“बोनेका पुढं होती?” त्याने विचारले.

“होती. तिची घंटा मी ऐकली.”

“सहा वर्षं मी तिची धार काढली. माझा हात लागल्याशिवाय ती पान्हवत नव्हती. तो दुसरा गडी, बाप्तिस्ता, धारेला बसला तर लाथ मारायची.”

“ठाऊक आहे.”

“मग तिला कळलं कसं नाही?”

“धुकं होतं, मानू. तिला काही दिसत—”

“गाय हाक डोळ्यांनी ओळखते?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. तो कर्कश व कापरा होता, त्याच्या पूर्वीच्या आवाजाशी त्याचे काही नाते नव्हते. “मी इथं होतो. ह्या जागी. मीपण हाक मारत होतो. माझी खरी हाक इकडून, आणि तुझी तिकडून. आणि ती तुझ्याकडं गेली.”

“माझी जवळ होती म्हणून.”

“जवळ होती म्हणून,” त्याने तेच शब्द उच्चारले.

मिस लिंडग्रेन हसत उभी होती. भावंडे जुन्या आठवणी काढत आहेत, असा तिचा ग्रह झाला असावा.

“ऐक, उर्बानो,” तो म्हणाला, आता पुन्हा हळू. “मी समजत होतो, त्या माझ्या आवाजाला आल्या. आवाज भटकला असेल, पण माझा होता, म्हणून डोळे झाकून आल्या. पाप माझ्या माथी होतं. होतं तर होतं. पण त्या माझ्या होत्या. एवढं तरी होतं माझ्याकडं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही मी हे.” त्याने घळीकडे पाहिले. “आता तू म्हणतोस, कोणीही ओरडलं असतं तरी त्या आल्या असत्या.”

“तसं मी म्हणालो नाही.”

“दुसरं काय म्हणालास?”

मी त्याच्या माथ्यावरचे ओझे उतरविण्यास गेलो होतो. ते उतरविताना माझा हात दुसऱ्या कशास लागला आणि तेही खाली पडले, एवढेच मला सांगता येते. मी क्षमा मागितली. शब्दांनी मागितली, टोपी काढून मागितली.

“माग, माग,” तो म्हणाला. “देणार कोण? त्या नऊ जणी? गॅरिटी मेला. माझी बायको मेली, तिनं माझं एक गाणं ऐकलं नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांचा. आता मला सांगतोस की मला गाता आलं असतं.”

“पापा, घरी जाऊ या,” देल्मिना म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ज्या पुतणीस मी पहिली सायकल आणून दिली होती, तिने त्या दिवशी पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही.

मिस लिंडग्रेन पुढे आली. अशी हाक ऐकावयास शाळेची मुले आली तर किती छान होईल. महिन्यातून एका रविवारी येता येईल का, असे ती विचारू लागली. तिने खिशातून लहानशी वही काढली. “आणि ही हाक कोणाची म्हणायची? कोणाचं नाव लिहू?”

मी बंधूकडे बोट करणार होतो. खरोखर करणार होतो. ती विद्या त्याची होती. परंतु तो माझ्याआधी बोलला, आणि या वेळी सर्वांस कळावे म्हणून इंग्रजीत बोलला.

“ह्याचं लिहा. उर्बानो आझेवेदो. ह्याच्या हाकेला गाई यायच्या.”

तिने लिहून घेतले, आणि अक्षरे बरोबर आहेत ना हे मला दाखविले. मी बरोबर आहेत म्हणालो.

मोटारीपर्यंतची वाट उताराची, आणि धुक्याने गवत निसरडे झालेले. देल्मिना किल्ल्या घेऊन पुढे गेली होती. एवरिस्तोचा पाय एकदा घसरला, तेव्हा त्याने माझा हात धरला. खाली पोहोचेपर्यंत सोडला नाही. कुंपणाचा खांब लागला तर मनुष्य खांब धरतो, तसा धरला होता. मोटारीपाशी आल्यावर त्याने तो सोडला आणि आपल्या बाहीस तळहात पुसला.